फिशटँकची काच: आधी नख लावून पाहा, मग हत्यार उचला

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर नागपुरात, हॉलमध्ये पश्चिमेच्या खिडकीजवळ दोन फुटी टँक, त्यात दोन गोल्डफिश आणि चार-पाच मोली. समोरच्या काचेवर हिरवे टणक ठिपके, बाजूच्या काचेवर हिरवी भुकटी, पाण्याच्या रेषेवर पांढरा खरखरीत पट्टा. स्पंजने घासून हात भरून आले तरी ठिपके जागचे हलत नाहीत. दुकानदार म्हणतो शेवाळ खाणारा सकर मासा टाका. घरातले म्हणतात, भांड्याचं लिक्विड लावून एकदाचं घासून काढा. कमी खर्चात, माशांना धक्का न लावता काय करता येईल?

लिक्विड नको आणि सकरही नको. मुदत संपलेलं एटीएम कार्ड, दाढीची एक-दोन ब्लेडं, दोन फूट पीव्हीसी पाइप, गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप आणि पांढऱ्या व्हिनेगरची बाटली, एवढ्यात काम होतं. सगळं विकत घेतलं तरी साधारण २०० रुपयांत भागतं. अडचण सामानाची नसतेच. एकाच काचेवर तीन वेगळ्या गोष्टी बसलेल्या असतात आणि आपण तिन्हींना एकच घासणी लावतो. मग जे नुसत्या बोटाने निघालं असतं तिथे घासणीचे ओरखडे पडतात, आणि जे घासणीला दाद देत नाही ते तसंच राहतं. शेवाळाने काच खराब होत नाही. ओरखडा मात्र कायमचा, आणि पुढच्या वेळी शेवाळ आधी त्या ओरखड्यातच धरतं.

म्हणून पहिलं काम नखाचं. हात कोपरापर्यंत नुसत्या पाण्याने धुवा. क्रीम, सॅनिटायझर, डासांचं मलम यातलं काही हातावर नको. बोटाला जखम किंवा चीर असेल तर रबरी हातमोजा घाला. टँकच्या पाण्यातल्या मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाच्या जंतूमुळे त्वचेवर महिनोन् महिने न भरणाऱ्या गाठी येऊ शकतात. आता काचेवर बोट ओढा, मग नख ओढा.

तपकिरी थर बोटाने लोण्यासारखा निघाला तर ते डायटम, म्हणजे एक सूक्ष्म शेवाळ. नव्या टँकमध्ये पहिल्या दीड-दोन महिन्यांत हमखास येतं आणि बहुतेक वेळा आपोआप ओसरतं. जुन्या मऊ सुती कापडाने पुसा आणि विसरा.

बोट ओढल्यावर स्वच्छ रेघ उमटली, पण पाण्यात हिरवट धूर उठला आणि दोन दिवसांत रेघ पुन्हा भरली, तर ती हिरवी भुकटी. हिच्याबद्दल पुढे सविस्तर, कारण हिला रोज पुसणं हीच चूक असते.

नख टकटक अडखळलं, ठिपका मोहरीएवढा किंवा त्याहून लहान आणि काचेला चिकटलेला, तर ते टणक हिरवे ठिपके. हे वाढतात सावकाश, पण कापड, स्पंज, चुंबकाचा ब्रश कशालाच जुमानत नाहीत. इथे धारच लागते.

निळसर हिरवा, बुळबुळीत थर सायीसारखा सलग उचलला गेला आणि त्याला कुबट वास आला, तर ते खरं शेवाळच नव्हे, सायनोबॅक्टेरिया नावाचे जीवाणू आहेत. ते घासायचे नसतात, पाइपने ओढून घ्यायचे असतात.

आणि पाण्याच्या रेषेवरचा पांढरा पट्टा म्हणजे नुसता क्षार. मे महिन्यात कूलरच्या जाळीवर जी पांढरी खपली धरते, तीच ही. तिला ब्लेड लावलं तर ब्लेड बोथट होतं आणि खपली अर्धीच निघते. तिला आंबट लागतं.

आता हत्यारं. त्याआधी टँक काचेचा आहे की ॲक्रिलिकचा, हे पाहून घ्या. वळणदार, साचातले छोटे टँक पुष्कळदा ॲक्रिलिकचे असतात. नखाने टिचकी मारा: काच टणकन वाजते आणि हाताला गार लागते, ॲक्रिलिक ठप्प वाजतं. ॲक्रिलिकवर ब्लेड, घासणी, कार्डाची कडक धार काहीच चालत नाही. मऊ कापड किंवा फिल्टरचा पांढरा कापूस, बस्स. पुढचं सगळं काचेच्या टँकसाठी आहे.

एटीएम कार्ड हे भुकटी, डायटम आणि कोवळ्या ठिपक्यांसाठी सर्वांत चांगलं हत्यार. प्लास्टिक काचेपेक्षा कितीतरी मऊ, म्हणून ओरखड्याची भीती नाही, आणि कारखान्यातली कड सरळ असते. नंबर आणि चिप असलेला भाग कापून टाका, उरलेल्या भागाची मूळची कड वापरा. कात्रीने कापलेली बाजू थोडी लाटेसारखी होते आणि मध्ये पट्टे सोडते. टँक फूटभर उंच असेल तर हात आत घालून काम होतं, पण त्याने मासे बावरतात आणि खालच्या कडेपर्यंत जोर पोचत नाही. त्यासाठी दांडा करा. विजेच्या वायरिंगचा २० मिमीचा पीव्हीसी पाइप दोन फूट घ्या. एका टोकाला हॅकसॉने ३ सेंमी खोल, आरपार सरळ खाच पाडा. कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर असते आणि हॅकसॉची खाच त्याहून किंचित रुंद पडते, म्हणून कार्ड आत सरकतं पण थोडं हलतं. कार्डाच्या अडकणाऱ्या भागावर नळाला लावतात तो टेफ्लॉन टेप दोन-तीन वेढे गुंडाळा, मग ते घट्ट बसतं. बाहेरून एक केबल टाय आवळा. स्क्रू, खिळा, लोखंडी तार यातलं काही लावू नका. गंजतंही आणि काचेला लागतंही. पाइप नवीन असला तर खाचेतला भुसा आणि कडेचे फुटवे पॉलिश पेपरने काढून, पाण्याने धुऊन मगच आत घाला.

कार्ड काचेशी साधारण ४५ अंशांत धरायचं, वरून खाली एकाच दिशेने ओढायचं. मागे-पुढे घासल्याने काही वेगळं निघत नाही. फक्त निघालेलं पुन्हा पाण्यात पसरतं.

टणक ठिपक्यांना ब्लेड. दाढीचं दुधारी ब्लेड कागदात असतानाच लांबीच्या रेषेत मधोमध वाकवून दोन भाग करा, म्हणजे बोट कापत नाही. अर्धं ब्लेड पकडीत किंवा होल्डरमध्ये बसवा. त्याहून सोयीचा म्हणजे रंगाच्या नाहीतर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा काच खरवडायचा स्क्रेपर. बर्डीवर किंवा इतवारीत कुठेही मिळेल. नव्या ब्लेडवर गंज लागू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो. तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, गरम पाण्याने धुवा, मग टँकमध्ये घाला.

ब्लेड काचेला जवळजवळ टेकलेलं, २५ ते ३० अंशांत. काच पाण्याखाली ओली असल्यामुळे ते हलकं सरकतं आणि ठिपका सुटताना बारीक 'कर्र' असा आवाज येतो. हा आवाज ऐकायला शिका. ठिपक्यांचा आवाज तुटक असतो. सलग किरकिर ऐकू आली तर ब्लेडखाली वाळूचा कण आलाय. तिथेच थांबा, ब्लेड बाहेर काढून धुवा. वाळू काचेपेक्षा कठीण असते. काचेवरचे बहुतेक ओरखडे ब्लेडचे नसतातच, ब्लेडखाली किंवा चुंबकाखाली अडकलेल्या एका कणाचे असतात. म्हणून खडीच्या वरच्या २-३ सेंमी पट्ट्यात ब्लेड लावायचंच नाही. तिथे खडी बोटाने मागे सारा आणि कार्ड वापरा. ब्लेडच्या टोकावर जोर देऊ नका. टोक रुततं, धार रुतत नाही.

कोपऱ्यांत जिथे दोन काचा सिलिकॉनने जोडलेल्या आहेत, तिथून ब्लेड एक सेंटिमीटर लांब. सिलिकॉनला बारीक चीर गेली तर आज काही दिसत नाही, काही महिन्यांनी फरशीवर ओल दिसते. कोपऱ्यासाठी मऊ दाताचा नवा टूथब्रश. सिलिकॉनवर आत मुरलेला हिरवा रंग निघत नाही. तो राहू द्या. त्याच्या नादी लागून गळका टँक करून घेणारे पुष्कळ आहेत.

भांड्याची हिरवी घासणी टाळा, नवी कोरी असली तरी. तिच्या हिरव्या थरात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात, ते काचेपेक्षा बरेच कठीण. वापरलेली असेल तर साबणाचा अंश वेगळाच. तारेच्या घासणीचं तर नावच नको. तिचा तुटलेला तार खडीत राहतो, गंजतो, आणि मासा तो तोंडात घेतो. पांढरा मेलामाइन स्पंज, ज्याला जादूचा स्पंज म्हणून विकतात, तो चालतो, पण पाकिटावर क्लीनर किंवा सुगंध मिसळलेला नाही हे वाचून घ्या. तोही पीठ होऊन झिजतो, त्यामुळे अधूनमधून वापरायलाच ठीक.

साबण, भांड्याचं लिक्विड, काचेचा निळा स्प्रे का नको, हे एकदा समजून घेतलं की मोह होत नाही. साबणाचं काम तेलकट थर तोडणं. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर आणि कल्ल्यांचं नाजूक आवरण हे त्याच जातीचं, त्यामुळे साबण आधी तिथे काम करतो. काचेच्या पुष्कळ स्प्रेंमध्ये अमोनिया असतो आणि अमोनिया माशांना थेट विष. बाहेरची काच पुसतानासुद्धा स्प्रे काचेवर मारू नका. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, म्हणजे तुम्ही मारलेला फवारा तोच आत पोचवतो. कापड लांब ओलं करून आणा आणि पुसा. डासांच्या स्प्रेचंही हेच: मारायचाच असेल तर पंप बंद, टँक झाकलेला, आणि खोली हवेशीर झाल्यावर पंप चालू.

आता प्रत्यक्ष सफाई. दोन फुटी टँक ६० गुणिले ३० गुणिले ३० सेंटिमीटर धरला तर काठोकाठ ५४ लिटर, खडी आणि मोकळी जागा वजा जाता ४५ च्या आसपास. पाणी ७ सेंमी उतरवलं की साडेबारा लिटर निघतं, म्हणजे एक मोठी बादली. आठवड्याला तेवढंच बदलायचं असतं, त्यामुळे काच आणि पाणी बदलणं एकाच बैठकीत होतं.

हीटर असेल तर प्लग काढून १५-२० मिनिटं थांबा. गरम हीटर पाण्याबाहेर आला की त्याची काच तडकते. हात आत घालण्याआधी फिल्टर, लाइट, सगळ्यांचेच प्लग काढा. स्वस्तातल्या पॉवर फिल्टरची वायर कुठे सोललेली असेल ते सांगता येत नाही.

मग एक युक्ती, जिने निम्मं काम वाचतं. लेव्हल पाइप आतून ६ ते ८ मिमीचा घ्या आणि त्याचं तोंड स्क्रेपरच्या दांड्यालाच बांधा, कार्डाच्या कडेच्या दोन सेंटिमीटर वर, मागच्या बाजूला. दुसरं टोक खाली बादलीत. तोंडाने ओढू नका: पाइप गुंडाळून टँकमध्ये पूर्ण बुडवा, हवा जाऊ द्या, बाहेरचं टोक अंगठ्याने दाबून बादलीत न्या आणि सोडा. आता कार्ड खाली सरकेल तसं निघालेलं शेवाळ जागच्या जागी पाइपात जातं. जाड पाइप लावला तर बादली दोन मिनिटांत भरते आणि काच अर्धीच होते. बारीक पाइपाने आठ-दहा मिनिटं मिळतात, तेवढ्यात तीन काचा आरामात होतात. आधी कार्डाने सगळी काच, मग उरलेल्या ठिपक्यांना ब्लेड. शेवटी स्वच्छ पांढऱ्या कापसाने एक हात.

झाल्यावर फिल्टर चालू करा आणि अर्ध्या तासाने त्याचा स्पंज पाहा. सुटलेलं शेवाळ त्यातच जाऊन बसतं आणि धार मंदावते. स्पंज काढलेल्या बादलीतल्या पाण्यातच हलका पिळा. नळाखाली धुतला तर क्लोरीनने त्यातले उपयोगी जीवाणू मरतात, आणि मग आठवड्याभरात अमोनिया चढून मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. "काच साफ केली आणि मासे मेले" असं जे ऐकू येतं, त्यातल्या बऱ्याच वेळी दोष काचेचा नसून त्याच दिवशी खसाखसा धुतलेल्या फिल्टरचा असतो.

पाणी उतरलेलं असतानाच पांढऱ्या पट्ट्याचं काम करून घ्या. टिश्यू पेपरच्या चार-पाच पदरी पट्ट्या व्हिनेगरमध्ये भिजवा, हलक्या पिळा म्हणजे गळणार नाहीत, आणि पट्ट्यावर चिकटवा. १५ ते २० मिनिटं. क्षारावर बारीक फेस दिसला की व्हिनेगर काम करतोय. पट्टी काढा, कार्डाने वरच्या दिशेने खरवडा म्हणजे खपली पाण्यात पडत नाही, मग साध्या ओल्या कापडाने दोनदा पुसा. जुना जाड थर दोन-तीन वेळा करावा लागतो. चार थेंब पाण्यात पडल्याने काही होत नाही, पण बाटली ओतू नका; पाण्याची आम्लता एकदम बदलते. व्हिनेगर नसेल तर लिंबू चालतं. बाथरूमचं ॲसिड मात्र टँकच्या आसपासही नको. आणि रिकामा टँक ब्लीचने धुवायचा असेल तर त्यात व्हिनेगर किंवा ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

आता ती हिरवी भुकटी. हिच्या बाबतीत लोक जास्त कष्ट करतात आणि कमी मिळवतात. भुकटी म्हणजे सूक्ष्म पेशींचा थर. पुसलं की त्या पाण्यात मोकळ्या होऊन पोहतात आणि थोड्या वेळाने पुन्हा काचेवर बसतात. म्हणून रोज पुसणारा माणूस रोज नवी पेरणी करत असतो. उपाय दोन. पहिला, हात न लावता तीन ते चार आठवडे वाढू द्या. काच कुरूप दिसते, पाहुणे विचारतात, पण थर जाड होऊन पोपडे सुटायला लागतात. मग एकाच वेळी सगळं खरवडून पाइपने ओढून घ्या. दुसरा, ज्यांना तेवढा धीर नाही त्यांच्यासाठी: पाणी जेवढं उतरवता येईल तेवढं उतरवून उघड्या पडलेल्या काचेवरची भुकटी ओल्या टिश्यूने पुसून बाहेर टाका, पाण्यात सोडू नका. पाणी निम्म्याहून खाली नेऊ नका, आणि काढलेलं स्वच्छ पाणी बादलीत जपून परत भरा, म्हणजे माशांना एकदम पन्नास टक्के नवं पाणी सोसावं लागत नाही.

फारच चिवट ठिपक्यांना औषधाच्या दुकानातला हायड्रोजन पेरॉक्साइड कामी येतो, पण लेबल वाचूनच. आपल्याकडे मेडिकलमध्ये बहुधा ६ टक्क्यांची, '२० व्हॉल्यूम' लिहिलेली बाटली मिळते. तिच्यात तेवढंच पाणी मिसळलं की ३ टक्के होतं. पाण्याच्या वर उघड्या पडलेल्या काचेवर सिरिंजने थेंब थेंब लावा, तीन-चार मिनिटं थांबा, मग कार्ड. एकूण ३ टक्क्यांचा द्राव ४ लिटर पाण्यामागे १ मिलीच्या वर जाता कामा नये. म्हणजे टँकमध्ये ३६ लिटर उरलं असेल तर सगळे मिळून ९ मिली. गोगलगायी किंवा झिंगे असतील तर हे करूच नका. दर आठवड्याची सवय तर अजिबात नको.

सकरबद्दल स्पष्ट बोललेलं बरं. दुकानात 'क्लीनर' म्हणून मिळणारा दोन इंची सकर मोठा होऊन फूट-दीड फुटाचा होतो. तुमचा टँक एक फूट रुंद आहे, त्याला वळताही येणार नाही. टणक ठिपके तो खात नाही. जेवढं शेवाळ खाईल त्याहून जास्त घाण करेल, आणि तीच घाण पुढच्या शेवाळाचं खत. भुकेला असला तर रात्री गोल्डफिशच्या अंगाला चिकटून वरचा थर चाटतो. आणि नकोसा झाल्यावर फुटाळा किंवा अंबाझरी तलावात नेऊन सोडणं हा तर गुन्ह्यासारखाच प्रकार: हा दक्षिण अमेरिकेतला मासा भारतातल्या अनेक पाणवठ्यांत पसरून तिथल्या माशांच्या मुळावर आलेला आहे. जिवंत मदतनीस हवाच असेल तर नेराइट गोगलगायी दोन-तीन पुरतात. टणक ठिपक्यांना थोडीफार तोंड लावणारा जवळजवळ तोच एक प्राणी, आणि आपल्याकडचं जड पाणी तिच्या शंखाला मानवतं. काचेवर तिळासारखी पांढरी अंडी चिकटवते, गोड्या पाण्यात ती वाढत नाहीत. ती खरवडायला पुन्हा ब्लेडच. मोठा गोल्डफिश मात्र गोगलगायीला टोचून हैराण करतो, हे धरून चाला.

शेवाळ मारायची बाटलीतली औषधं घेऊ नका. बऱ्याच औषधांत तांबं असतं, गोगलगायी मरतात. आणि मेलेलं शेवाळ पाण्यातच कुजून प्राणवायू ओढतं. टणक ठिपका मेला तरी काचेवर चिकटूनच राहतो, शेवटी खरवडावा लागतोच.

काच किती वेळा साफ करावी लागेल हे ठरवतो उजेड. पश्चिमेची खिडकी म्हणजे दुपारी तीनपासून थेट ऊन. टँक हलवता येत नसेल तर खिडकीकडच्या काचेला बाहेरून काळा चार्ट पेपर किंवा थर्माकोलची शीट लावा. थर्माकोलने उन्हाची धगही अडते. टँकचा लाइट दिवसाला ६ ते ७ तास, टायमरवर. "संध्याकाळी आठवण राहिली तर बंद करतो" असं चाललं तर तो बारा तास चालू असतो. दुसरं कारण खाणं. दोन मिनिटांत संपेल तेवढंच, दिवसातून एकदा किंवा दोनदा. आणि खरं सांगायचं तर ४५ लिटरमध्ये दोन गोल्डफिश हेच मूळ आहे. गोल्डफिश खातो फार, घाण करतो फार. मोठा टँक येईपर्यंत तुमच्याकडे शेवाळ इतरांपेक्षा लवकर येणार, हे गृहीत धरा.

नागपूरच्या उन्हाळ्याची वेगळी पथ्यं आहेत. पाणी २५ अंशांना असताना लिटरमध्ये साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३४ अंशांना ७ च्याही खाली येतो, आणि माशांची गरज तर गरम पाण्यात वाढलेली असते. म्हणून मेमध्ये काच साफ करायची ती सकाळी सातच्या आत. फिल्टर अर्ध्या तासाहून जास्त बंद ठेवू नका, बॅटरीवरचा एअर पंप असेल तर तो लावून ठेवा. सायनोबॅक्टेरियासाठी तीन दिवस टँक झाकून अंधार करण्याचा उपाय चांगला आहे, पण तो हिवाळ्यात, एअर पंप चालू ठेवून. मेमध्ये झाकलेला टँक म्हणजे शिजवणी.

बदलायचं पाणी छतावरच्या टाकीतून दुपारी घेऊ नका, ते हाताला चटका देतं. पहाटे किंवा आदल्या रात्री बादलीत भरून घरात ठेवा. टँकच्या आणि नव्या पाण्याच्या तापमानात दोन अंशांहून जास्त फरक नको. मनपाचं पेंच-कन्हानचं पाणी क्लोरीन मारून येतं, त्याला हायपो (क्लोरीन काढणारं सोडियम थायोसल्फेट) लागतो. १० ग्रॅम हायपो पाण्यात विरघळवून १०० मिली द्राव करा, गडद बाटलीत ठेवा, आणि १० लिटर नव्या पाण्याला १ मिली. नळाला क्लोरीनचा वास जास्त येत असेल त्या दिवशी २ मिली. कूलरच्या टाकीतलं पाणी कधीच नाही. त्यात डासांसाठी कोणी काय टाकलं असेल सांगता येत नाही.

कूलरचा वारा टँकच्या पृष्ठभागावरून गेला तर पाणी दोन-तीन अंश उतरतं, ते चांगलंच. पण पाणी उडतं वेगाने. एक सेंटिमीटर उतरलं की १.८ लिटर गेलं, आणि वाफ नुसती पाण्याची होते, क्षार मागे राहतात. उडालेलं पाणी पुन्हा बोअरच्या पाण्याने भरलं की दरवेळी क्षारांची भर पडते. व्हिनेगर लावून काढलेला पांढरा पट्टा पंधरा दिवसांत परत येतो तो यामुळे. उडालेल्या पाण्याची भरपाई आरओच्या शुद्ध पाण्याने करा, आणि आठवड्याचं पाणी बदलणं नळाच्या पाण्याने. दोन्ही कामांना आरओ वापरलं तर पाणी फार मऊ होतं आणि मोली आजारी पडतात.

एकदा काच कोरी झाली की दर चौथ्या दिवशी कार्डाचा एक हात समोरच्या काचेवर फिरवा. जिथे भुकटी धरते ती काच यातून वगळा, तिला वर सांगितलेलाच नियम. नवा ठिपका चार दिवसांचा असताना कार्डाने निघतो, पंधरा दिवसांचा झाला की ब्लेड मागतो. कार्डाची कड गोल झाली की निसटायला लागते. तेव्हा ती पॉलिश पेपरवर काटकोनात दहा वेळा ओढा, धुवा, पुन्हा चालते. ब्लेड प्रत्येक वेळी पुसून कोरडं ठेवा, गंजाचा एक ठिपका दिसला तरी फेकून द्या. मागची काच मात्र जशी आहे तशी राहू द्या. तिकडे कोणी पाहत नाही, आणि तुमच्या मोली दिवसभर तिथेच चरत असतात.